खडकीचे अर्थमंत्री

अर्थसंकल्पाच्या दिवशी काका रजा घेत. घरच्या लग्नालासुद्धा अर्ध्या दिवसाच्या वर रजा न घेणारा हा माणूस त्या एका दिवशी मात्र पूर्ण रजा टाकी. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसत. मांडीवर छोटी डायरी, हातात निळी पेन्सिल. दुसऱ्या दिवशी पेपरातला 'काय स्वस्त, काय महाग' हा चौकोन कापून ते कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवत. काकू म्हणत, "साडी काढायला गेलं की आधी सिमेंटचा भाव वाचायला लागतो."

काका खडकीच्या कारखान्यात फिटर होते. वसाहतीत त्यांना सगळे 'अर्थमंत्री' म्हणत. चिडवायला सुरू झालेलं हे नाव पुढे सवयीचं झालं. अर्थसंकल्पानंतरचे आठ दिवस लोक खरंच त्यांना विचारायला येत, की बाबा, आता पंखा घेऊ का थांबू?

माझा त्यांचा संबंध वडिलांमुळे. वडिलांचं करमाळ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि काका त्यांचे शाळासोबती. बी. कॉम. होऊन मी पुण्यात नोकरी शोधायला आलो, तेव्हा वडिलांनी दिलेली एक चिठ्ठी घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. चिठ्ठी न उघडताच त्यांनी विचारलं, "पदवी मिळाली ना? मग चिठ्ठी कशाला? आत ये." आठ महिने मी त्यांच्या गॅलरीत झोपलो. भाड्याचा विषय काढला की ते कानाला हात लावून ऐकू येत नसल्यासारखं करत. पहिल्या मुलाखतीला जाताना माझ्या शर्टाला त्यांनी स्वतः इस्त्री केली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि काका स्वतः मॅट्रिक. त्यामुळे त्यांनी मला नावाने हाक मारलीच नाही. "काय पदवीधर, चहा झाला का?" "पदवीधर, पाणी आलंय, आंघोळ उरका." संडासाच्या रांगेत उभं असतानाही कोणीतरी मला पदवीधर म्हणत होतं, याचा मला फार अभिमान वाटे.

त्यांची एक पद्धत होती. अर्थसंकल्पाच्या महिनाभर आधी ते दुकानांतून हिंडून भाव विचारत आणि डायरीत टिपून ठेवत. कर कमी झाल्यावर तीच डायरी घेऊन पुन्हा त्याच दुकानात. एकदा खडकी बाजारातल्या पंखेवाल्याकडे मीही बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "काका, हा जुना माल आहे. जुना कर भरलाय त्याच्यावर."

"असेल," काका म्हणाले. "पण कर वाढतो त्या दिवशी हा जुना माल कुठे जातो?"

दुकानदार हसला, भाव मात्र उतरवला नाही. काकाही पंख्याशिवाय परत आले. वाटेत मला म्हणाले, "सरकार दिल्लीतनं सोडतं रे पाणी. आपल्या नळाला येतं का, हे कोणीतरी बघायला नको?"

त्यांचा मुलगा मिलिंद इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला होता. तिथे त्याला मुलगी झाली. तिचे फोटो ई-मेलने येत. काका बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन ते पाहत आणि घरी येऊन काकूंना वर्णन करून सांगत. कॅफे दुसऱ्या मजल्यावर होतं आणि काकूंचे गुडघे गेलेले. म्हणून घरी संगणक घ्यायचं ठरलं. इतर लोक अशा वस्तू हप्त्याने घेत. काकांनी तो अर्थसंकल्पाने घेतला. एका वर्षी मॉनिटरचा भाव उतरला, तेव्हा नुसता मॉनिटर आणला. पुढच्या वर्षी बाकीचा संगणक. वर्षभर त्या मुक्या मॉनिटरवर काकूंनी विणलेला रुमाल आणि प्लॅस्टिकची फुलं होती. आता फक्त मोडेम राहिला होता, फोनच्या तारेतून इंटरनेट आणणारी ती छोटी पेटी.

"अहो, नात शाळेत जायला लागेल तोवर," काकू म्हणत.

"यंदा आयात शुल्क उतरणार. लिहून ठेव."

"तुम्हीच लिहा. तुमच्याकडे पेन्सिल आहे."

त्याच सुमारास मला शनिवार पेठेतल्या एका संगणकाच्या दुकानात विक्रेत्याची नोकरी लागली. काका मुद्दाम तिथे आले. मोडेमचा भाव विचारला. मी सांगितला, "चार हजार आठशे." त्यांनी तो माझ्यासमोर डायरीत लिहिला आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे पदवीधर आहेत हे."

यंदा काकांचं खरं ठरलं. मोडेमवरचं शुल्क उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना विचारलं, "आपला भाव किती करायचा?"

"कर कोणी कमी केला?"

"सरकारने."

"मग सरकारकडे जाऊन मागा म्हणावं. मी काय सरकार आहे?" एवढं बोलून त्यांनी किमतीच्या नव्या लेबलांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. खोक्यांवर आता छापील किंमत पाच हजार सहाशे लावायची. त्यावर काट मारून खाली चार हजार आठशे. जुना भाव तोच, फक्त डोक्यावर एक काटलेला आकडा. बाहेर लावायचा फलक मी लिहिला, कारण दुकानात सगळ्यांत चांगलं अक्षर माझं. करमाळ्याच्या शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस दोनदा मिळवलं होतं मी. त्याच अक्षरात लिहिलं: 'करकपातीचा संपूर्ण फायदा ग्राहकांना!'

दुपारी काका आले. फलकासमोर थांबले. आत येऊन म्हणाले, "अक्षर तुझंच ना? सुंदर आहे."

मी खोकं काढून समोर ठेवलं. त्यांनी आकडे वाचले. खिशातून डायरी काढली, पान शोधलं आणि ते उघडं धरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत सोपा प्रश्न विचारून मास्तर वाट पाहतात, तसं. ते मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "पूर्ण फायदा दिलाय, काका."

त्यांनी डायरी मिटली. पैसे दिले. खोकं पिशवीत घालून निघून गेले.

पुढे मी लग्नानंतर बायकोला ही गोष्ट सांगितली, तेव्हा मालक मागेच उभे होते असं सांगितलं. नवी नोकरी होती, वडिलांचं गावभर सांगून झालं होतं, हेही सांगितलं. तेवढं खरं आहे. पण मालक दुकानात नव्हते. ते जेवायला घरी गेले होते. मी एकटा होतो, आणि "काका, भाव तोच आहे, थांबा थोडे दिवस" एवढंच म्हणायचं होतं. पंख्याशिवाय परतणारा माणूस मोडेमशिवायही परतला असता, हसत परतला असता.

रविवारी मोडेम जोडून द्यायला मी खडकीला गेलो. पेटी किंचाळली, कुरकुरली आणि लागली. नातीचा फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी जावळ, मग कपाळ, मग डोळे. काकू खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या. "माझ्या सासूचं कपाळ आहे गं बाई," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. जाताना माझ्या हातात त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला.

त्याआधी काकांनी स्वतः चहा केला होता. कप माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "साखर बरोबर आहे ना, संतोष?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढे मी ते दुकान सोडलं. आता खराडीला एका कंपनीत आहे, हाताखाली बारा माणसं आहेत. काका शेवटपर्यंत माझ्याशी नीट वागले. नोकरी बदलली तेव्हा जामीन म्हणून सही त्यांचीच होती. दर दिवाळीला मी जायचो, या वेळी सांगून टाकू असं ठरवून जायचो, आणि मिलिंदची खुशाली विचारून परत यायचो.

ते गेल्यावर काकूंना भेटायला गेलो. निवृत्तीनंतर त्यांनी घर बदललं होतं, पण कपाट तेच होतं. काकूंनी काहीतरी काढायला दार उघडलं आणि ते सगळे चौकोन दिसले. प्रत्येक वस्तूपुढे निळ्या पेन्सिलीने दोन आकडे: आधीचा भाव, नंतरचा भाव. पंख्यापुढे दोन्ही आकडे सारखे आणि पुढे एक ठसठशीत फुली. मोडेमपुढे पहिला आकडा होता, चार हजार आठशे. दुसरी जागा कोरी होती. फुलीही नव्हती.

खाली बसून मी विचारलं, "काकू, काका माझी आठवण काढायचे?"

"काढायचे की. संतोष कसा आहे, संतोषचा मुलगा कितवीत आहे, सारखं चाललेलं असायचं."

"संतोष म्हणायचे?"

काकूंनी कपाटाचं दार लावलं. "मग दुसरं काय म्हणणार?"