खुडूक

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बोईसरच्या कारखान्यात नोकरीला न जाता मी कोंबड्या पाळायला पडवीत पत्र्याचं गोल कडं उभं केलं, कारण कोपरा मिळाला की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला. पिल्लं सोडली, तर सगळी बल्बखाली गोळा झाली. ऊब कमी पडत होती. अशीच राहिली तर मरणार. मी बल्ब वीतभर खाली घेतला आणि तिथंच बसले.

जेवायला हाका मारून आई कंटाळली. बाबांना म्हणाली, "पदवी घेऊन पोरगी अंड्यांवरच्या कोंबडीवानी खुडूक बसली हाय."

"बसलेय," मी म्हणाले. "पिल्लं पांगल्याबिगर उठायची नाय."

हळूहळू पिल्लं पत्र्याच्या कडेपर्यंत पसरली, दाणे टिपू लागली. मग मी जेवायला उठले.