तपकीर ओढल्यासारखं

कुरुळीत कुणाला कामाला निघायचं असलं, की आधी नानामामा कुठे आहे याची चौकशी व्हायची. कारण मामाची शिंक! तपकिरीची चिमूट नाकात गेली की शेजारचे पत्रे थरथरायचे, आणि उंबऱ्यावरचा माणूस अपशकुन म्हणून परत खाली बसून, घोटभर पाणी पिऊनच उठायचा. कंपनीची बस चुकलेली पोरं करवादायची. मामा म्हणायचा, "अपघात टळला म्हना, भावा!"

जन्मभर त्याने चाकणच्या रस्त्यावर टेम्पो हाकला. मग मूत्रपिंडं गेली, डायलिसिस लागलं. डाव्या हाताच्या शिरेतून रक्त मशिनीत जायचं. एकदा तो हातच भोपळ्यासारखा फुगला. "एका अंगानं पैलवान झालो राव," मामा म्हणाला. सुई टोचायच्या बाकीच्या जागा आधीच वापरून संपल्या होत्या. हा हात गेला की मामा गेला, हे मामीलाही ठाऊक होतं.

सोनोग्राफीला मी, भाचा, सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "छातीतली मोठी शीर हाडाआड असते, नीट दिसत नाही. पण झटक्यात श्वास ओढला की खांद्याजवळची शीर मिटायला हवी. नाही मिटली, तर पुढे अडथळा."

"म्हंजे चौक दिसत न्हाई, पर मागची रांग बघून कळतंय."

"अगदी! आता नाकाने ओढा. तपकीर ओढल्यासारखं."

"ओढल्यासारखं कशापायी?" म्हणत मामाने खिशातून डबी काढली, आणि बाई अडवेपर्यंत चिमूट आत! पडद्यावरचं चित्र उडालं, बाई उडाल्या, बाहेर घरी निघालेला एक पेशंट मुकाट्याने पुन्हा बाकावर बसला. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग पुन्हा, बिनतपकिरीचं. उजवीकडची शीर डोळा मारल्यासारखी मिटली. डावी मात्र उघडीच. मेल्या माशाच्या डोळ्यासारखी.

आतून फुगा घालून रस्ता मोकळा केला. काही महिन्यांत पुन्हा बुजला. पुढच्या तपासणीला मामाने स्वतःच पडद्याकडे मान वळवली. श्वास ओढला. पाहिलं.

"हलंना. इंजन बंद करा आता," म्हणाला, आणि डबी माझ्या हातात दिली.

डायलिसिस थांबलं. आठवड्याने तिरडी उचलली तेव्हा मी तीच डबी उघडून भलीमोठी चिमूट ओढली. शिंक आली ती थेट मामाच्या जातीची. खांदेकरी सगळे कुरुळीचे. सवयीने जागीच थबकले.

मामी म्हणाली, "खाली टेका. पानी पिऊन जाऊ द्या त्यास्नी."