अक्काच्या हातातलं बटन

जिजाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला घरी मेथी निवडत बसले होते. अक्काचा दीर बोलत होता. "वहिनींजवळ कोणीतरी हवं, तुम्ही या," म्हणाला. मी फोन ठेवला, राहिलेली मेथी निवडून संपवली आणि मग पिशवी भरायला घेतली. रडू आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही वाटलं नाही. आता काही आठवडे उलटलेत. एवढ्यात अक्काच्या गावच्या, जळगावच्या लोकांनी त्यांच्याबद्दल इतकं गोड गोड बोलून ठेवलंय की माझं डोकं फिरलंय. शोकसभेत एकांनी त्यांना 'घरगुती शास्त्रज्ञ' ठरवलं. दुसरे गृहस्थ म्हणाले, बायकोच्या दम्यासाठी या माणसानं भुसा ओढायचं यंत्र बनवलं, आणि तिची धावपळ होऊ नये म्हणून त्याला रिमोटसुद्धा बसवला. मी उठून बोललेच असते, पण शेजारी बसलेल्या अक्कानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. म्हणून हे लिहायला बसले.

अक्का माझी थोरली बहीण. जिजाजी सरकारी कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी आले की परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करायचे. हात चांगला होता, हे कबूल करते. माझ्या लग्नात त्यांनी दिलेल्या कपाटाचे खण अजून अडकत नाहीत. पण करवतीची मशीन आणली आणि भुशानं सगळं घर व्यापलं. पोळ्यांवर भुसा, गाद्यांवर भुसा, अक्काच्या छातीत भुसा. ती खोकून खोकून वाकायची, तेव्हा या शास्त्रज्ञांना काही सुचलं नाही. सुचलं कधी, तर शेजारच्या काकूंच्या गच्चीवरच्या पापडांवर भुसा बसला आणि त्यांचे यजमान भांडायला आले तेव्हा. मग हे धरणगावला गेले आणि तिथल्या एका जिनिंगमधून कापूस ओढायचा जुना ब्लोअर घेऊन आले. त्याला पत्र्याचे पाइप जोडले, खाली मोठा ड्रम ठेवला. मशीनवरचा भुसा ओढला जायचा आणि ड्रममध्ये पडायचा. शेड स्वच्छ, पापड स्वच्छ, शेजार खूश. ड्रम रिकामा कोण करायचं? अक्का. तोच भुसा शेगडीत ठासून त्यावर जिजाजींच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, ते कोण? तेही अक्काच. दम्यासाठी म्हणे!

आणखी एक गोम होती. स्टार्टरची ठिणगी उडून भुसा पेटेल, म्हणून ब्लोअरचा स्टार्टर शेडमध्ये न लावता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला होता. त्यात चूक काही नव्हती. पण जिजाजी आधी फळी उचलायचे, मशीनवर नीट बसवायचे, दोन्ही हातांनी दाबून धरायचे आणि मग ओरडायचे, "चालू कर व!" अक्का तव्यावरची भाकरी टाकून उठायची. फळी कापून झाली की "बंद कर व!" पुन्हा फळी, पुन्हा हाक. फळी उचलायच्या आधी चार पावलं चालून स्वतःच स्टार्टर दाबावा, हे त्या हुशार डोक्यात कधी आलं नाही.

म्हणून जेव्हा त्यांनी रिमोट बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हरखले. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन त्यांनी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी उघडली. तिचे आतले भाग एका डबीत बसवून ती स्टार्टरला जोडली आणि अँटेना म्हणून वायर खिडकीबाहेर सोडली. गाडीच्या रिमोटवरचं बटन दाबलं की खटका पडायचा आणि ब्लोअर गुरगुरायला लागायचा. बघायला अख्खी गल्ली लोटली होती. मला वाटलं, सुटली आमची अक्का! आता भाकरी टाकून उठायला नको.

पुढच्या खेपेला गेले तर रिमोट अक्काच्या कमरेला. छोट्या पिशवीत, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. बारीक भुसा गेला की ते बटन अडकतं, म्हणून रिमोट शेडमध्ये न्यायचा नाही, असा जिजाजींचा नियम. "बटन दाब व, मना हात भरेल शेतस!" अशी आतून आरोळी, आणि बाहेर अक्का दाबतेय. पूर्वी निदान स्वयंपाकघरातून बाहेर पडली की सुटका होती. आता ती समोरच्या मंदिरात गेली तरी हाक, पापड लाटायला शेजारी बसली तरी हाक. मी तोंडावर विचारलं, "जिजाजी, हा कसला रिमोट?" तर हसून म्हणाले, "अहो, आता तुमच्या अक्काला जागेवरून उठावं तरी लागतं का?"

त्याच वर्षी शिंदखेड्याला आमची आई पडली आणि अंथरुणाला खिळली. आम्ही दोघीच मुली. मी धुळ्याहून जाऊन-येऊन करत होते. मी दारात दिसले की आई माझ्या मागे बघायची. "मनी अक्का कव्हय ई?" अक्का कधी येणार, एवढंच विचारायची. मी जळगावला निरोप धाडले, मग स्वतः गेले. अक्काची पिशवी भरलेली होती. पण जिजाजींच्या साहेबांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्यासाठी शोकेस व्हायचं होतं. "शोकेस होऊ द्या, मग खुशाल राहा तिकडे," ते म्हणाले. मी अक्काला ओढून न्यायला निघाले. ती कमरेच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "कशी येऊ व माय, बटन कोन दाबी?"... मी एकटीच परतले.

आई गेल्याचा फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आला. तेव्हा अक्का शेजारी काकूंच्या ओट्यावर होती. काकूंनी मला नंतर सांगितलं. दुकानदारानं येऊन निरोप दिला, आणि त्याच वेळी शेडमधून हाक आली, "बंद कर व!" अक्कानं आधी बटन दाबलं. ब्लोअर पूर्ण थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग ओट्यावर कोसळली. जिजाजींनी लगेच जीप केली, तिला शिंदखेड्याला आणलं, आईच्या पायाशी बसून रडलेही. आईच्या तेराव्याला परत आले, तर आमच्या काकांना रिमोट समजावून सांगत बसले होते. त्या दिवसापासून मी त्या माणसाशी मोकळेपणानं बोलले नाही. आज ते नाहीत म्हणून माझा राग निवळलाय, असं खोटं लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात मी अक्काकडे होते. जिजाजींच्या कचेरीतली मंडळी भेटायला आली होती. चहा आला आणि कौतुक सुरू झालं. त्यांची बोटं, त्यांची कल्पकता. मी अक्काकडे बघत होते. शोकेस अजून साहेबांच्या दिवाणखान्यात कसं शोभतं, तेही एकानं सांगितलं. अक्काचा हात कमरेशी गेला. परसात ब्लोअर सुरू झाला. जिनिंगचा तो, खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. पाहुण्यांची तोंडं हलत होती, शब्द एकही ऐकू येत नव्हता. कुणीतरी हातानं विचारलं, काय झालं? अक्का शांतपणे बशीतला चहा पीत राहिली. शेवटी पाहुणे उठले, हात जोडून निघून गेले.

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "अक्का, गेले ते. बंद कर आता."

तिनं रिमोट मांडीवर ठेवला. "मना मनले वाटी तव्हय करसू," म्हणाली, आणि कपातला उरलेला चहा बशीत ओतला.