खडा विरघळेपर्यंत

सोनाळ्यात माझा विषय निघाला की बायका आधी हसतात आणि मग जरा सावध होतात. मनात आलं की ते ओठावर, मध्ये थांबायला जागाच नाही. पोरीची एक सोयरीक माझ्या एका वाक्यानं मोडली. दुसरे पाहुणे यायचं ठरलं, तशी पोरगीच मला बुलढाण्याला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली.

बाई पोरीच्याच वयाच्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही...

"हो," मी म्हटलं.

दोघी हसल्या. मला कारण कळायला वेळ लागला. मग राग किती वेळ टिकतो, मागून पस्तावा होतो का, कुठं स्वतःला आवरता येतं, असं बरंच विचारलं. मला आमचा मेथीचा वाफा आठवला. कोवळ्या रोपांत मी कधी घाईनं पाय टाकला नाही. म्हणजे आवरता येत होतं मला, फक्त माणसांत नाही. बाई म्हणाल्या, जीभ वळवळली की खडीसाखरेचा खडा तोंडात धरा. तो विरघळेपर्यंत बोलू नका, मग ठरवा.

पाहुणे थंडीतल्या दुपारी आले. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या आणि ओसरीवर पिवळं, आळशी ऊन पडलं होतं. लोक मिठाची गुळणी धरतात, मी साखरेची धरली. गोडवा हळूहळू पसरत गेला आणि सगळ्यांचे आवाज विहिरीच्या पलीकडून आल्यासारखे वाटायला लागले. लहानपणीच्या जत्रेतली रेवडी आठवली, आईचा हात आठवला. इतकं शांत मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या शांततेतच मुलाचे मामा बोलले. पोरगी नांदुऱ्याच्या दवाखान्यात नर्स आहे हे चांगलंच, पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. मुलगा कपात पाहत राहिला. आमचे हे म्हणाले, पोरगी तुमच्या शब्दाबाहेर नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडा टाळूला दाबून धरला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी नजरेनंच तिला सांगितलं, घाबरू नको, मी नाही बोलत. साक्षगंध कधी धरायचं हेही ठरलं आणि पाहुणे उठले.

पोरगी कप गोळा करत होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पाहिलं का, एक शब्द बोलले नाही.

तिनं वळूनही पाहिलं नाही. "आई, मी तुह्याकडंच पाहून राह्यली होती. वाटलं, आता बोलशीन. आता बोलशीन."

तोंडातला खडा कधीच विरघळून गेला होता, आणि बाईंचं शेवटचं सांगणं मला आत्ता आठवत होतं. मग ठरवा, म्हणाल्या होत्या त्या.

बाहेर जीप सुरू झाली. मी पदर खोचला आणि तशीच अनवाणी पळत सुटले. देवळापाशी जीप वळत होती, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मामांनी काच खाली केली. मी बोलले ते इतकं सावकाश, की माझं मलाच नवल वाटलं.

"भाऊ, पोरगी नोकरी नाही सोडणार. जमत असन तर साक्षगंध करू, नाही तर राम राम."

मागून धापा टाकण्याचा आवाज आला म्हणून वळले, तर पोरगी उभी होती, हातात माझ्या चपला घेऊन.