शहाळं घेऊन आलेली

ठाण्यात बायकांच्या बॉक्सिंगमध्ये सगळ्यात वरच्या वजनगटात आम्ही दोघीच. मी वर्तकनगरची, ती कोलशेतची, जमीनवाल्या घरातली. ज्या वजनापायी स्थळं मला बघून परत जायची, त्याच वजनावर मी रिंगमध्ये उभी राहायचे.

पहिल्या फायनलला पंचांनी तिचा हात वर केला. खोपटला डेपोसमोर तिचा बॅनर लागला. पण शेवटच्या राउंडला माझा डावा तिच्या कानशिलावर बसला, तेव्हा तिचे गुडघे गेलेले. घंटा होईपर्यंत ती माझ्या गळ्यात पडून लोंबकळत होती. लोकांना वाटलं, काय ते प्रेम! खरं काय ते तिला माहीत आणि मला.

मला एकदाच परत खेळायचं होतं, बस. पुढच्या वर्षी तिला ताप आला. त्याच्या पुढच्या वर्षी बाईसाहेब उपाशी राहून खालच्या गटात गेल्या. रिकाम्या रिंगमध्ये माझा एकटीचा हात वर झाला. न खेळता सोनं! आईने मजलाभर पेढे वाटले, इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. कोच म्हणाले, "अगं, ती टाळते म्हणजे तूच मोठी." असलं मोठेपण काय चाटायचंय?

मग सरावात फटका बसला आणि माझ्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. ती भेटायला आली, शहाळं घेऊन. माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे परत कधीच नाही, ताई?"

"एक ठोसा बसला तरी डोळा जाईल," मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले. मी येडी, सगळं शहाळं प्यायले.

महिन्याभरात कोलशेतला तिचा सत्कार झाला. मलाही स्टेजवर बोलावलेलं. माइक घेऊन ती म्हणाली, "लोक बोलतात, मी ताईला टाळते. ताई, सगळ्यांसमोर सांग. तू म्हणशील तेव्हा मी तयार आहे. खेळतेस?"

टाळ्या पडल्या. डोळ्याचं सांगायला मी तोंड उघडलं, पण माइक तिच्याच हातात होता. मी नुसती नकारार्थी मान हलवली. पुढच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, "फाटली हिची."

आता मी वर्तकनगरच्या मुलींना शिकवते. परवा एकीने हातमोजे बांधता बांधता विचारलं, "ताई, तुम्ही तिला एवढं का घाबरायचात?"