पुसलेला वळ

माझ्या प्रदर्शनात लोक हटकून विचारतात, इतक्या देखण्या चेहऱ्यांच्या व्हिडिओत मधेच निळे वळ उमटवून तुम्ही ही भीती कशाला घालता? मी कलेबिलेबद्दल काहीतरी ठोकून देतो. खरं कारण सोलापुरातल्या माझ्या स्टुडिओत घडलं आणि ते सांगायची मला लाज वाटते.

डोहाळजेवणाचं काम होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सातवा महिना लागलेली पोर पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसवलेली, हातात धनुष्यबाण. जबड्यावर, फुलांच्या डुलाखाली, निळसर वळ होता. मी डूल त्यावर ओढायचो, ती बाजूला सारायची. तीनदा झालं. "ताई, हलू नका," मी वैतागून म्हणालो. माझी फ्रेम बिघडत होती ना.

सासू माझ्या मागेच उभी होती. "घसरून पडली हाय. तेवढा डाग काढा की भाऊ."

काढला. त्या कामात तेव्हा माझा हात कोणी धरू शकत नसे. साफ केलेला प्रत्येक फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून टाकलं. रोजचीच सवय.

ती बाळंतपणाला माहेरी, जेऊरला गेली. पुढे एका दुपारी तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून माझा जिना चढून आली. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

"भाऊ, डाग असलेला तो फोटो द्या. वडील खाली रिक्षात हायत. मला सासरी सोडायला निघालेत. नवरा मारतो म्हनलं की अल्बम पुढं करतात, बघ किती खुशीत हायस म्हनून. डाग बघितला तर माघारी नेतील."

फोटो नाही हे ठाऊक असूनही मी कॉम्प्युटरवर शोधत राहिलो. एकेका फोटोत तिची कांती नितळ होती. मला स्वतःचीच किळस आली.

"म्हनून तर मी डूल बाजूला करत होते," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर खाली गेलो. वडिलांना सांगितलं, वळ होता, मीच पुसला. त्यांनी पिशवीतून अल्बम काढला, प्लॅस्टिकच्या कव्हरसकट जपलेला. "कुटं हाय, दावा की." बोट ठेवायला जागा नव्हती. "तुमी भला मानूस," ते समजुतीनं म्हणाले. "पोरगी रडली म्हनून बोलताय."

ती रिक्षात बसली. मुलीच्या तोंडावर पदर ओढला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "फुडच्या वेळी मारलं की आदी तुमच्याकडं येते. तवा पुसू नका."

तेव्हापासून मी एक दिवसही स्टुडिओ बंद ठेवलेला नाही. तिची मुलगी आता चालायला लागली असेल. ती स्वतः मात्र अजून आलेली नाही.