दिवाळीच्या महिन्याची पगाराची स्लिप

भूपेंद्रला मोठेपणाची भारी हौस. पांढुर्ण्यात एका ट्रॅक्टरच्या शोरूमवर तो विक्रीला होता. मूळ पगार आठ हजार, बाकी सारं कमिशनवर. घटस्फोटाच्या वेळी कोर्टाने मिळकत विचारली, तर या पठ्ठ्याने नेमकी दिवाळीच्या महिन्याची, कमिशनने फुगलेली स्लिप पुढे केली. सासरच्यांनी बघावं ना, जावई किती कमावतो! बघितलं त्यांनी. कोर्टानेही बघितलं, आणि लेकीची पोटगी महिन्याला सहा हजार ठरवली.

ती तो हातातच द्यायचा, पहिल्या शनिवारी, जामसांवलीला हनुमानजीचं दर्शन झाल्यावर. सौंसरहून प्रणाली नऊ वर्षांच्या श्रुतीला घेऊन यायची, पाकीट घेऊन बाजूला बसायची, आणि बापलेक तासभर आलुबोंडे खात गप्पा मारायचे. अख्ख्या महिन्यात भूपेंद्रला आपलं माणूस भेटायचं ते तेवढाच वेळ.

मग कंपनीकडून माल यायचा थांबला. मालकाने सगळ्यांना घरी बसवलं. माल येईपर्यंत अर्धा मूळ पगार. म्हणजे चार हजार. खोलीचं भाडं दिल्यावर उरणार काय, कपाळ?

वकील म्हणाले, "मिळकत घटली म्हणून अर्ज टाका, कोर्ट आकडा कमी करते." पण कमिशन शून्य, हे प्रणालीच्या डोळ्यांदेखत कागदावर लिहून द्यायचं? छे! निम्मं पाकीट घेऊन जायचीही त्याला लाज वाटली. त्याने शनिवारी सकाळीच प्रणालीला फोन केला, "लय गर्दी आहे शोरूमात. आज जमत नाही."

असे तीन महिने गेले. गादीवर पडल्या पडल्या तो फोनवर गर्दी सांगायचा. श्रुती विचारायची, "बाबा, किती ट्रॅक्टर विकले?"

"नऊ, बेटा."

फोन ठेवला की त्याला रडू यायचं. पुढचे दोन-दोन दिवस तो कोणाशी बोलायचा नाही, बोलायला कोणी नव्हतंही.

चौथ्या महिन्यात माल आला. मालकाकडून उचल घेऊन त्याने त्या महिन्याचे सहा हजार जमवले आणि शनिवारी जामसांवली गाठली. दोन प्लेट आलुबोंडे मागवून वाट बघत बसला.

प्रणाली एकटीच आली.

"श्रुती कुठं आहे?"

"शोरूम बंद होतं, हे मले रामाकोन्याच्या प्रकाशभाऊनं सांगतलं, ट्रॅक्टर घ्यायले गेले होते ते. काहून खोटं बोलून राहिले होते? सांगतलं असतं तर मीच चालली असती कोर्टात, आकडा कमी करायले. लेकरू तिन्ही शनिवारी फ्रॉक घालून बसलं होतं. आज म्हटलं चाल, तर म्हणते, बाबा पैसे द्यायलेच येते ना? मंग तूच घेऊन ये."

भूपेंद्रने पाकीट दिलं. तिने न मोजता पर्समध्ये टाकलं आणि सौंसरची बस धरली.

बऱ्याच वेळाने दुकानदार टेबल पुसायला आला. "भाऊ, ही दुसरी प्लेट बांधून देऊ का?"

"राहू द्या," भूपेंद्र म्हणाला, "पोरगी येऊन राहिली, रस्त्यात आहे."